पीक माझे, संमती एकेचाळीस जणांची : माननीय वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सामाईक सातबाऱ्यावरील शेतात रानडुकरांपासून पीक राखण्याची परवानगी आणि त्याच जमिनीत बाहेरच्या लोकांकडून होणारी शिकार.

महोदय,

सविनय नमस्कार. दक्षिण कोकणातील खाडीकाठच्या एका गावात मी भातशेती करतो. आपल्या कामाचा व्याप मोठा आहे याची मला जाणीव आहे. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहावे लागत आहे, कारण रीतसर दिलेल्या अर्जांना उत्तर मिळेल ही आशा मी सोडली आहे आणि यंदा गौरी-गणपती झाल्यानंतर माझ्या शेतात जे घडले ते पाहता गप्प राहणे मला शक्य नाही.

सणाला मुंबईहून आलेल्या आमच्या एका सहहिस्सेदाराने त्या रात्री शहरातील काही पाहुणे जीपमधून आणले. सर्चलाइटच्या उजेडात ही मंडळी पोटरीत आलेल्या भाताच्या मेरा, म्हणजे बांध, तुडवत खालच्या मळ्यात उतरली आणि त्यांनी तीन-चार बार काढले. डुक्कर त्यांच्या हाती लागले की नाही ते मला ठाऊक नाही; मांगराबाहेर, म्हणजे शेतातल्या खोपटाबाहेर, बांधलेल्या माझ्या बैलाच्या मांडीत मात्र छर्रे घुसले. सकाळी जखम धुतली तेव्हा मिरीच्या दाण्याएवढी तीन काळपट भोके दिसली. दोन छर्रे पशुवैद्यकांनी काढले. तिसरा हाडाजवळ रुतला आहे, तो आता तसाच राहील असे ते म्हणाले. माझी वृद्ध आई त्या वेळी त्याच मांगरात राखणीला बसली होती.

मी तक्रार घेऊन आपल्या विभागाच्या कार्यालयात गेलो. जमीन सामाईक आहे, ते गृहस्थही सातबाऱ्यावर आहेत, त्यांना आणि त्यांच्या पाहुण्यांना तेथे येण्यापासून कोणी अडवू शकत नाही, हा तुमचा आपसातला दिवाणी वाद आहे, न्यायालयात जा, असे मला सांगण्यात आले. याच कार्यालयाने पावसाळ्याच्या तोंडावर, याच जमिनीतील पीक वाचवण्यासाठी रानडुक्कर मारण्याची परवानगी मागणारा माझा अर्ज, सर्व सहहिस्सेदारांचे स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेले संमतीपत्र जोडलेले नाही, या कारणाने परत केला होता. गेल्या वर्षी ग्रामसभेत येऊन ‘शेताची पाहणी केली की परवानगी देऊ, कागदांसाठी अडवणार नाही’ असे आश्वासन देणारे अधिकारीही याच कार्यालयातले होते. महोदय, पीक राखणाऱ्याला एकेचाळीस जणांची संमती लागते आणि चैनीसाठी रात्री बंदुका घेऊन येणाऱ्यांना एकाची पुरते, हा न्याय कोणत्या कायद्यात लिहिलेला आहे, हे आपण मला सांगावे.

मी कायदा वाचलेला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी घातली आहे आणि जमीन कोणाच्या मालकीची आहे यावर ती बंदी अवलंबून नाही. जमिनीच्या मालकालाच जेथे शिकारीचा हक्क नाही, तेथे त्याच्या एका हिस्सेदाराला किंवा त्याच्या पाहुण्याला तो कोठून आला? वाटप होईपर्यंत सामाईक जमिनीच्या प्रत्येक भागावर प्रत्येक हिस्सेदाराचा हक्क असतो हे खरे, पण तो हक्क जमिनीचा आहे, तिच्यावर वावरणाऱ्या वन्य प्राण्याचा नाही. म्हणून त्या रात्रीचा प्रकार दिवाणी नव्हता, तो आपल्याच विभागाने नोंदवायचा गुन्हा होता. दुसरीकडे, कलम ११ खाली परवानगी देताना कायदा ‘कोणत्याही जमिनीवरील उभ्या पिकांचा’ विचार करायला सांगतो. कायदा पिकाकडे पाहतो, मालकांच्या यादीकडे पाहत नाही. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची दोनमध्ये गेले, तरी ही वाट बंद झालेली नाही. महाराष्ट्र शासनाने तर २०१५ साली हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला, तो शेतकऱ्याला नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे धाव घ्यावी लागू नये म्हणूनच. मग खालच्या टेबलावर संमतीपत्राची ही अट कोणी घातली?

ज्यांनी हे नुकसान जवळून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. डुकरांचा कळप दाणा दुधात असतानाच शेतात शिरतो. ती लोंब्या चावतात, दूध शोषतात आणि चोथा थुंकून पुढे जातात. सकाळी आडव्या पडलेल्या चुडांवर त्या चोथ्याचे ओलसर, पांढुरके गोळे चिकटलेले दिसतात. जेवढे खातात त्याच्या कित्येक पट लोळून निजवतात आणि निजलेले भात चिखलात पुन्हा रुजते. भात संपले की कणगरे आणि करांदे हे कंद, त्यानंतर नारळाच्या रोपांचे कोवळे कोंब. आम्ही शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या, डबे वाजवले, फटाके लावले, उसने पैसे काढून झटका यंत्र बसवले. फुरशांच्या भीतीने गमबूट घालून मी आणि आई आळीपाळीने रात्री जागवतो. तिला आता रात्री नीट दिसत नाही, तरी ती येते, कारण मी एकटा दोन्ही मळे राखू शकत नाही. माझ्या मुलाने शेती करणार नाही असे स्पष्ट सांगितले आहे आणि त्याला थांबवण्यासाठी माझ्याजवळ एकही शब्द उरलेला नाही.

आता त्या संमतीविषयी. आमच्या सातबाऱ्यावर एकेचाळीस नावे आहेत. त्यांतील कित्येक जण वारले असून त्यांची वारस नोंद झालेली नाही. उरलेले डोंबिवली, विरार, बडोदा येथे आहेत आणि काहींचा पत्ता त्यांच्या सख्ख्या भावालाही ठाऊक नाही. एका चुलत वहिनींना प्राणी मारणेच मान्य नाही. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, पण प्राणी मारावा की मारू नये हे ठरवणे आपल्या विभागाचे काम आहे, महसुली उताऱ्याचे नव्हे. दुसरे एक भाऊबंद आजोबांच्या काळातल्या आंब्याच्या झाडावरून आमच्याशी बोलत नाहीत, ते सही करणार नाहीत. आणि ज्यांनी जीप आणली, त्यांनी तर माझ्या अर्जाला लेखी हरकत घेतलेली आहे. मला परवानगी मिळाली तर त्यांच्या पाहुण्यांसाठी डुक्कर उरणार नाही, याखेरीज त्या हरकतीमागे दुसरे कारण मला दिसत नाही.

वाटप करून घ्या, असे प्रत्येक कार्यालय सांगते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप मागता येते, पण तेथेही सगळ्या हिस्सेदारांना नोटिसा पोहोचाव्या लागतात आणि मालकीचा वाद निघाला की प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते. तेथे एक पिढी सहज संपते. तोवर डुकरे थांबणार आहेत काय? शिवाय जे हिस्सेदार गावात राहत नाहीत, त्यांच्या वाट्याचे मळे वर्षानुवर्षे पडीक आहेत, त्यांत पुरुषभर रान माजले आहे आणि डुकरांचा दिवसाचा आसरा तेथेच आहे. म्हणजे ज्यांनी जमीन टाकली त्यांच्या रानात डुकरे वाढतात, आणि जो जमीन कसतो त्याने पीक राखायचे की नाही हे त्यांनीच ठरवायचे.

परवानगीची वाट अशी बंद केल्याने डुकरे मरायची थांबत नाहीत, हे आपल्या विभागाला माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत असले पाहिजे. हताश झालेले लोक कुंपणाच्या भोकात फासकी लावतात आणि डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून तडफडतो. कोणी कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो आणि गाईचा जबडा फाटतो. कोणी तारेत थेट वीज सोडतो आणि पहाटे शेजारचाच माणूस मरतो. मी यांतले काही केलेले नाही आणि करणार नाही. वडिलांपासून आलेली ठासणीची बंदूक माझ्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आहे आणि मी परवानगी मागतो आहे. परवानगी मागणाऱ्याचा अर्ज परत करायचा आणि ती न मागताच शिरणाऱ्यांच्या जीपकडे पाठ फिरवायची, यातून गावातल्या तरुणांनी काय शिकायचे?

ती बंदूकही वर्षभर माझ्याजवळ नसते. २०२४ साली १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा ऐन काजूच्या हंगामात ती पोलीस ठाण्यात जमा झाली. १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, तेव्हा भात कापणीला आलेले असताना ती पुन्हा जमा झाली. कोणाचे शस्त्र जमा करायचे ते छाननी समितीने पाहून ठरवावे अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. माझ्यावर एकही गुन्हा नाही. तरी सरसकट निरोप येतो आणि मी बंदूक खांद्यावर टाकून गुन्हेगारासारखा रांगेत उभा राहतो.

महोदय, कोकणात जमिनीचा प्रश्न नेहमी असाच कागदाखाली गाडला गेला आहे. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी जो कसतो तो मालक मानला गेला. ते तत्त्व ज्या राज्याने स्वीकारले, त्या राज्यात आज कसणाऱ्याला आपले उभे पीक राखण्यासाठी न कसणाऱ्या चाळीस जणांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. आंबोली, गेळे आणि चौकुळच्या कबुलायतदार गावकरांनी, म्हणजे गावाची जमीन पिढ्यान्‌पिढ्या सामाईक धरणाऱ्या गावकऱ्यांनी, त्या जमिनीसाठी किती वर्षे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, हे साऱ्या सिंधुदुर्गाला ठाऊक आहे. सामाईक मालकी ही कोकणची रीत आहे. ती डोळ्यांसमोर न ठेवता नियम करायचे आणि मग त्या रीतीलाच अपात्रतेचे कारण ठरवायचे, हे आम्ही किती काळ सहन करावे? केरळ सरकारने २०२२ साली रानडुकरांबाबत हा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत नेला. तोच केंद्रीय कायदा त्यांनाही लागू आहे.

माझे मागणे मोठे नाही. सातबाऱ्याच्या नमुना सातमध्ये मालकी असते आणि नमुना बारामध्ये पीक असते. ई-पीक पाहणीत मी माझ्या मोबाइलवरून भाताचा फोटो चढवला आणि शासनाने ती नोंद मान्य केली. तीच नोंद पीकसंरक्षणाच्या परवानगीला पुरावा म्हणून धरावी आणि सहहिस्सेदारांच्या संमतीची अट रद्द केल्याचे स्पष्ट परिपत्रक काढावे. नुकसानभरपाईच्या अर्जालाही हेच लागू करावे, कारण तेथेही हीच संमतीपत्रे मागितली जातात. सामाईक जमिनीत कसणाऱ्याला न विचारता बंदुका घेऊन शिरणाऱ्यांवर, त्यांना आणणारा हिस्सेदार असो वा नसो, वन्यजीव कायद्याखालीच गुन्हा नोंदवावा. तो दिवाणी वाद आहे असे उत्तर यापुढे कोणत्याही कार्यालयाने देऊ नये. परवानगी घेऊन मारलेले डुक्कर कायद्याने शासनाचे असते, ते मी पंचनाम्यासह आपल्या विभागाच्या स्वाधीन करीन; मला त्याचे मांस नको आहे.

हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येईल, गरवे त्यानंतर. त्याआधी माझा अर्ज मंजूर तरी करावा किंवा नाकारून तरी टाकावा. नाकारला तर कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाने सर्व सहहिस्सेदारांची संमती आवश्यक ठरते, ते अधिकाऱ्याच्या सहीनिशी लिहून द्यावे, म्हणजे मला ते उच्च न्यायालयापुढे ठेवता येईल.

कळावे.

आपला,
सामाईक सातबाऱ्यावरील एक कसणारा हिस्सेदार