काम पेशींचे नव्हे, त्यांच्या स्रावाचे

महोदय,

मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या पेशी) टोचल्या की हृदयाचा नवा स्नायू तयार होतो, असे सर्रास छापले जाते. ते खरे नाही. टोचलेल्या बहुतेक पेशी काही दिवसांत वाहून जातात किंवा मरतात. तरीही प्राण्यांमध्ये फायदा दिसतो, तो मुख्यतः त्यांनी सोडलेल्या स्रावामुळे. त्यात वाढीला चालना देणारी प्रथिने असतात आणि 30 ते 150 नॅनोमीटरच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे एक्सोसोम. 2010 मध्ये उंदरांवरील प्रयोगात नुसत्या एक्सोसोमनेही हृदयाचे नुकसान कमी झाले.

खरा प्रश्न वेळेचा आहे. हृदयविकाराच्या झटक्यात तुंबलेली रक्तवाहिनी उघडून रक्त परत येते, त्या पहिल्या काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम साचते, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याला छिद्रे पडतात आणि तोवर तग धरलेली पेशीही दगावते. स्रावातील घटक पेशीतले जगण्याचे संकेत जागे करून हे छिद्र पडणे रोखू शकतात. मेलेला स्नायू मात्र ते परत आणत नाहीत.

प्रयोगात एक चूक हमखास होते. पेशी ज्या गोवंशीय सीरममध्ये (गुरांच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या द्रवात) वाढवतात, त्यात त्याचे स्वतःचे एक्सोसोम असतात आणि ते पेशींच्या स्रावात मिसळतात. म्हणून पेशी धुऊन, सीरमविरहित माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) 24 ते 48 तास ठेवून मगच स्राव गोळा करावा आणि तुलनेला पेशी न घातलेले तेच माध्यम घ्यावे. नमुना वारंवार गोठवला-वितळवला तर पिशव्या फुटतात.

अशा बातम्या देताना प्रयोग पेशींवर, प्राण्यांवर की माणसांवर झाला, एवढे तरी शीर्षकाखालीच छापा. रुग्णांचे नातेवाईक तीच ओळ घेऊन डॉक्टरांकडे धावतात.