रूथ, यंदा किपूरला उपास धरू नकोस

चि. सौ. रूथ हिला शालोम आणि अनेक आशीर्वाद.

शमुवेल बुधवारी रात्रीच्या विमानाने तिकडे इस्राएलला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतोय. फोनवर माझं बोलणं पुरं होत नाही. मी विषयाशी येईपर्यंत तुझं "बाबा, राहू दे ना" येतं आणि मी मुकाट्याने ठाण्याच्या पावसावर येतो. लिलीने चिकाचा हलवा केलाय, तोही त्याच्याकडे दिलाय. नव्याच्या सणाला, आपल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, तुझ्या घरात हलवा नाही असं व्हायला नको.

उपासाचं एकदाच लिहितो आणि सोडून देतो. यंदा किपूरला, आपल्या पश्चात्तापाच्या दिवशी, तू उपास धरायचा नाहीस. छातीतल्या गाठीसाठीच्या गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या आहेत, पाणी सारखं प्यायचं आहे, हे तुझ्या डॉक्टरीणबाईंनी जोनाथनसमोर सांगितलंय. त्याने मला सांगितलं म्हणून त्याच्यावर चिडू नकोस. तो घाबरलाय. मीही घाबरलोय.

आता तू जे बोललीस त्याबद्दल.

"हा माझा न्याय झालाय बाबा. आईच्या वेळी आले नाही, त्याचा." हे ऐकल्यापासून सेलिहोतच्या क्षमाप्रार्थनांमध्ये माझं लक्ष लागत नाही. पहाटे उठतो, मशिदीत, म्हणजे आपल्या सिनेगॉगमध्ये जातो, दहा माणसं जमेपर्यंत खिडकीपाशी बसतो. प्रार्थना चालवणारे हजान सुरुवात करतात, माझे ओठ हलतात आणि डोक्यात तुझं वाक्य. तुला असं वाटलं याचं मला नवल नाही. नव्याच्या सणाला नाव लिहिलं जातं आणि किपूरला त्यावर शिक्का बसतो, हे तू पाळण्यात असल्यापासून ऐकत आलीस. शिक्क्याचं भय मलाही आहे आणि ते असावं असंच मला वाटतं. पण शास्त्रात देवाचा निकाल ज्या ज्या ठिकाणी येतो तिथे पुढे काय होतं, ते तू आठवत नाहीयेस. भीती वाटली की माणूस पहिली ओळ वाचतो आणि पुस्तक मिटतो.

हिज्कीया राजाचं बघ. दुसरे राजे, अध्याय २०. तो मरणाच्या दारी होता. यशया संदेष्टा आत गेला आणि सरळ म्हणाला, घराची निरवानिरव कर, तू मरणार, जगणार नाहीस. याहून स्पष्ट निकाल कोणता असायचा? राजाने भिंतीकडे तोंड फिरवलं, प्रार्थना केली आणि ढसाढसा रडला. यशया अजून मधला चौकही ओलांडून गेला नव्हता, तोच देवाने त्याला मागे फिरवलं. जा, त्याला सांग, तुझी प्रार्थना मी ऐकली, तुझे अश्रू पाहिले, तुझ्या आयुष्याला पंधरा वर्षं जोडतो. आणि लगेच पुढे काय, तर यशयाने अंजिरांचा लेप मागवला, तो गळवावर बांधला आणि राजा बरा झाला. देवाचा शब्द मिळाला होता, तरी औषध लावावंच लागलं. मी पापी आहे, मला लेप नको, असं हिज्कीया म्हणाला नाही.

तुझ्या गोळ्या म्हणजे तो लेप आहे, रूथ. सोडून देतो म्हणालो होतो, पण पुन्हा आलोच तिथे.

योना संदेष्ट्याचं पुस्तक तर तुला तोंडपाठ होतं. शाळेत असताना किपूरच्या मीनखाला, दुपारच्या प्रार्थनेला ते वाचतात तेव्हा, तू माझ्या मांडीला टेकून बसायचीस आणि मासा कधी येतो म्हणून वाट बघायचीस. मासा गेला की तुझं लक्ष उडायचं. खरी गोष्ट त्यानंतरची. "अजून चाळीस दिवस, आणि निनवे उलथून पडेल." एवढंच बोलला योना. पश्चात्ताप करा असंही म्हणाला नाही, आशेला जागाच ठेवली नाही. ते गाव कुणाचं, तर ज्या अश्शूरी लोकांनी पुढे आपलं उत्तरेचं राज्य बुडवलं, दहा वंश कुठल्या कुठे नेऊन टाकले, त्यांचं. तिथल्या राजाने झगा उतरवला, गोणपाट नेसला, राखेत बसला आणि म्हणाला, कोण जाणे, देव फिरेलही. गुराढोरांनासुद्धा त्यांनी गोणपाट घातलं. आणि मग शास्त्र काय म्हणतं ते नीट वाच. देवाने त्यांची कृत्यं पाहिली, ते वाईट वाटेवरून फिरले हे पाहिलं. आपल्या जुन्या शिक्षकांनी मिश्नात, त्यांच्या नियमांच्या संग्रहात, बोट ठेवलंय ते नेमकं इथे. देवाने त्यांचं गोणपाट पाहिलं, त्यांचा उपास पाहिला, असं तिथे लिहिलेलं नाही. दुष्काळाच्या उपासाला सगळा गाव जमायचा तेव्हा वडीलधारा माणूस उभा राहून लोकांना हेच सांगायचा, म्हणजे उपाशी बसलेल्या लोकांनाच.

किपूरच्या सकाळी आपण यशयाचा ५८ वा अध्याय वाचतो, तोही उपासाच्या ऐन दिवशी. लव्हाळ्यासारखी मान वाकवायची, गोणपाट आणि राख अंथरायची, याला तुम्ही उपास म्हणता का, असं देव विचारतो. भुकेल्याला तुझी भाकर दे, बेघराला घरात घे. तू रोज वॉर्डात आयुष्यभर हेच केलंस. अनोळखी म्हाताऱ्यांची अंगं पुसलीस, त्यांना भरवलंस. मी मशिदीत लोकांना सांगतो, माझी मुलगी बेरशेबाला नर्स आहे, तेव्हा लिली माझ्याकडे बघून हसते, कारण त्यांनी ते शंभरदा ऐकलेलं असतं.

तुला वाटेल बाबा देवाला मऊ करून सांगतायत. नाही. न्याय आलाच नाही असं मी म्हणत नाही. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये जेरुसलेम पडलं, मंदिर जळलं, आणि आपण बिरड्याच्या सणाला अजून त्याचा शोक करतो. पण त्याआधी किती वर्षं, किती तोंडांनी सांगून झालं होतं! यिर्मया संदेष्ट्याने आपली सगळी भाकितं बारूख लेखनिकाकडून गुंडाळीवर लिहून घेतली, ती कशासाठी, तर "कदाचित ते ऐकतील, कदाचित प्रत्येक जण आपल्या वाईट वाटेवरून फिरेल, आणि मी त्यांना क्षमा करीन." हा कदाचित खुद्द देवाच्या तोंडी आहे. यहोयाकीम राजा हिवाळ्याच्या महालात शेगडीपुढे बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तो लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापायचा आणि विस्तवात टाकायचा, असं करत सगळी गुंडाळी संपवली. घाबरला नाही, कपडे फाडले नाहीत. न्याय आला तो अशा माणसावर.

याच यहोयाकीमच्या राज्यात यिर्मयाला मंदिराविरुद्ध बोलला म्हणून लोक ठार मारायला निघाले, तेव्हा काही वडीलधारे उठून उभे राहिले. ते म्हणाले, हिज्कीयाच्या दिवसांत मीखा संदेष्टाही म्हणाला होता की सियोन, म्हणजे जेरुसलेम, शेतासारखी नांगरली जाईल. हिज्कीयाने त्याला मारलं का? तो देवाला भ्याला, देवाची करुणा भाकली, आणि देवाने ठरवलेलं अरिष्ट आणलं नाही. शंभर वर्षं लोकांनी ते लक्षात ठेवलं होतं. खोटं ठरलेलं भाकीत म्हणून नव्हे, तर ज्याचं काम झालं असं भाकीत म्हणून. मला संपूर्ण तनाखमध्ये, आपल्या शास्त्रात, ही जागा फार आवडते.

आणि हे निकाल कुणाविरुद्ध होते तेही बघ. आमोस संदेष्ट्याला राग होता तो सज्जनाला रुप्यासाठी आणि गरिबाला जोड्यासाठी विकणाऱ्यांचा, माप लहान करून तराजूत दगा करणाऱ्या धान्यवाल्यांचा. तुझ्या छातीतल्या गाठीबद्दल त्याने एक अक्षर लिहिलेलं नाही.

पुन्हा शिकवायला बसलो. माफ कर गं. तू पेशंट आहेस आणि मी तुला अध्याय मोजून देतोय. पण तुझ्याकडे येऊन "आपली कर्मं तपासून बघा" म्हणणाऱ्या त्या बाईंना मात्र कुणीतरी ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचून दाखवायला हवा. त्याचे मित्र अलीफज, बिल्दद, सोफर आजारी ईयोबाच्या उशाशी बसून हेच तर सांगत होते, काहीतरी केलंस म्हणूनच हे झालं. शेवटी देव अलीफजला म्हणतो, तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग भडकलाय, तुम्ही माझ्याविषयी माझ्या सेवकासारखं खरं बोलला नाहीत. ईयोबाने देवाला तोंडावर जाब विचारला होता, तरी खरा तोच ठरला.

आता तुझी आई.

रेवदंड्याच्या घरावरून जे झालं त्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं असं मी लिहिणार नाही. वाटलं होतं. बरेच दिवस ती तुझा फोन मलाच उचलायला लावायची. पण नोआम झाला त्यानंतर ते निवळत गेलं, आणि शेवटच्या महिन्यात तिने रेवदंड्याचं नावही काढलं नाही. तुझं नाव काढलं. विमानं बंद होती, रूथ. अख्ख्या जगाची बंद होती. इथे आम्हालाही कबरस्तानात मोजकीच माणसं नेऊ दिली.

आणि तुला ती दुपार आठवते का, तू नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतीस, आईला इन्सुलिन नुकतं लागलं होतं? किपूरचा दिवस. ती हट्टाने कोरडा उपास धरून वर बायकांमध्ये पांढरी साडी नेसून बसली होती. तू तिचा हात धरून तिला जिन्यावर आणलंस. मी खालून बघत होतो. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. तू पदराच्या टोकाने ते पुसलेस, बोट टोचून साखर बघितलीस आणि स्टीलच्या झाकणात दूध ओतून तिच्या तोंडाला लावलंस. ती नको नको म्हणत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. तू तिला म्हणालीस, "आज मीनखाला काय वाचणार आहेत? माझे नियम पाळा, माणसाने ते पाळून जगावं. जगावं म्हटलंय आई, मरावं नाही." लेवीय १८. एकोणीस-वीस वर्षांची पोर, हजान ऐकत असताना! १८७९ पासून उभ्या असलेल्या त्या मशिदीत असं धडधडीत बोलणारी तू पहिलीच असशील. हजान नंतर मला म्हणाले, मुलगी बरोबर बोलली, आजाऱ्याला खायला घालणं हीच आज्ञा आहे. तुझी आई झाकणभर दूध प्यायली आणि वर जाऊन नेइलापर्यंत, दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेपर्यंत, उभी राहिली. त्यानंतर दर किपूरला ती खायची, तुझं नाव सांगून खायची.

तिला लावलेला नियम तुला का लागू नाही, हे तू मला समजावून सांग.

तरीही आईपाशी काही बोलायचं राहिलंय असं तुला वाटत असेल तर त्याला वाट आहे, आणि ती उपाशी राहण्यातून जात नाही. माणसाचा माणसाशी झालेला अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय किपूरने मिटत नाही, हे तुला माहीत आहे. तो माणूस वारला असेल तर काय करायचं, तेही आपले जुने धर्मपंडित रामबाम यांनी लिहून ठेवलंय. दहा माणसांना घेऊन कबरीवर जावं आणि त्यांच्यासमोर म्हणावं, मी देवाचा आणि या व्यक्तीचा अपराध केला. दूर असलेल्याने आपल्या वतीने कुणाला पाठवलं तरी चालतं. तू चार ओळी लिहून पाठव. मराठीत लिही, तिला हिब्रू फक्त प्रार्थनेपुरतं यायचं. मी, नेसिम, लिलीचे दोघे मुलगे, हजान, अशी दहा माणसं मी सणाच्या आत गोळा करतो. तिथे उभं राहून तुझे शब्द मी वाचीन. तुझी इच्छा असेल तर फोन चालू ठेवीन, नसेल तर नाही. तू समजतेस एवढा मोठा अपराध तो नव्हता असं मला वाटतं, पण तुझ्या मनाचं ओझं मी तोलणार नाही. ते वाहायला मात्र मी येईन.

यहेज्केल संदेष्टा बाबेलात बंदिवानांमध्ये बसून देवाचा शब्द सांगत होता, मरणाऱ्याच्या मरणाने मला आनंद होत नाही, तर फिरा आणि जगा. पश्चात्ताप म्हणून देव तुझ्याकडून मागतोय ते हे. तू जगावंस हे.

नोआमची बार मित्स्वा, तेराव्या वर्षाचा विधी, मे महिन्यात आहे, तिकिटं मी आत्ताच बघायला सांगितली आहेत. गुडघ्यांचं कारण सांगून मला कुणी अडवू नये. त्याचं वाचन माझ्याकडून पक्कं करून घ्यायचं असं त्याने मला कबूल केलंय, आवाज तुझ्या आजोबांवर गेलाय त्याचा.

दारफळणीच्या, म्हणजे किपूरच्या, संध्याकाळपासून फोन बंद राहील. शिळ्या सणाला, किपूरच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी तुला लावीन. तेव्हा आधी विचारीन ते हेच, गोळी किती वाजता घेतलीस आणि कशाबरोबर. नुसतं "घेतली बाबा" ऐकून मी ठेवणार नाही, जोनाथनलाही विचारीन.

तुझे,
बाबा