अपोलो १३ ऑर्बिटरमध्ये उडवण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ऑर्बिटर २०१६ या अवकाशउड्डाणाच्या सिम्युलेटरवर नासप हे अपोलो मोहिमांचं ॲड-ऑन बसवलंस आणि आता अपोलो १३ उडवायचं म्हणतेस, तर कॉकपिटमधल्या बटणांच्या नादी लगेच लागू नकोस. ही मोहीम मोजक्या बर्नवर, म्हणजे इंजिन ठरावीक वेळ चालवून वेग बदलण्यावर, उभी आहे. ते आधी समजून घे.

पहिली गोष्ट घड्याळाची. उड्डाण ११ एप्रिल १९७० ला यूटीसी १९:१३ ला झालं, म्हणजे एमजेडी (ऑर्बिटर वापरतो ती दिवसांची सलग मोजणी) ४०६८७.८००७. आपल्याकडे तेव्हा १२ तारीख लागून रात्रीचे पाऊण वाजायला आले होते. तयार सिनारिओत (सुरुवातीच्या स्थितीच्या फाइलीत) तारीख बरोबरच असते, पण एडिटरमधून स्वतः टाकताना चुकून भारतीय वेळ टाकलीस तर चंद्र जवळजवळ २०,००० किमी पुढे निघून गेलेला असतो. तो सेकंदाला सुमारे १ किमी सरकतो, आणि फरक साडेपाच तासांचा.

बऱ्याच जणांना वाटतं की ऑक्सिजनची टाकी फुटली तेव्हा यान आपोआप पृथ्वीकडे वळणाऱ्या मार्गावर होतं. नव्हतं. चंद्रावरच्या फ्रा मॉरो या जागी नीट उजेडात उतरता यावं म्हणून ३०:४१ ला साडेतीन सेकंदांचा बर्न करून त्यांनी तो मार्ग मुद्दाम सोडला होता. (ही वेळ उड्डाणापासूनची, तास आणि मिनिटं.) ५५:५५ ला ऑक्सिजनची क्रमांक २ ची टाकी फुटली. मग ६१:३० ला चांद्रयानाचं (चंद्रावर उतरायच्या लुनर मोड्यूलचं) उतरण्याचं इंजिन ३४ सेकंद चालवून फक्त ११.५ मी/से वेग बदलला आणि मार्ग पुन्हा पृथ्वीला मिळाला. अख्ख्या मोहिमेत मला हाच आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो.

हा बर्न सिम्युलेटरचं घड्याळ १ पट वेगावर ठेवूनच कर. १०० पटीवर, पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं उमटत असतील तर, हिशोबाची एकेक पायरी दीड सेकंदाहून मोठी होते. जोडलेल्या यानांचं वजन सुमारे ४३ टन, इंजिनाचा पूर्ण जोर सुमारे ४४ किलोन्यूटन, म्हणजे पूर्ण जोरावर दर सेकंदाला १ मी/से; हा बर्न मात्र ४० टक्के जोरावर संपतो, म्हणजे ०.४. एक पायरी उशिरा इंजिन बंद झालं तरी सुमारे ०.७ मी/से जास्त. वातावरणात शिरायला अजून ८१ तास आहेत. एवढ्या वेळात १ मी/से चूक सरळ हिशोबानेच २९० किमी होते, आणि मध्ये चंद्र ती आणखी वाढवतो. प्रत्येक बर्नआधी कंट्रोल-एस दाबून सेव्ह कर.

ऑर्बिट एमएफडीवर (कॉकपिटमधल्या कक्षा दाखवणाऱ्या पडद्यावर) दोन ठिकाणी फसशील. संदर्भ चंद्र ठेवून दोन दिवस आधीच पाहिलंस तर तो एकट्या चंद्राचं गुरुत्व धरून हिशोब करतो, त्यामुळे चंद्राच्या किती जवळून जाशील तो आकडा निरर्थक येतो. जसजशी जवळ जाशील तसतसा तो खरा होत जाईल. दुसरं, डीएसटी बटणाने अंतर चंद्राच्या केंद्रापासून दिसतं की पृष्ठभागापासून, ते बदलतं. खऱ्या उड्डाणात चंद्रामागून जाताना सगळ्यात जवळ असताना पृष्ठभागापासून २५४ किमी उंची होती. केंद्रापासून तेच १,९९० च्या आसपास. दुरूनचा खरा अंदाज हवा असेल तर आरटीसीसी एमएफडी वापर. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाचे संगणक करायचे ते काम नासपमध्ये तो करतो.

चंद्र ओलांडल्यावर ७९:२८ ला मोठा बर्न: २६४ सेकंद, २६२ मी/से. त्याने घरी येण्याचा वेळ कमी केला आणि यान प्रशांत महासागराकडे नेलं. आधी १० टक्के, मग ४०, मग पूर्ण जोर. थेट पूर्ण जोर दिलास तर जोर वस्तुमानकेंद्रातून जातोय का हे बघायला इंजिनाला वेळच मिळत नाही आणि यान कलतं.

यापुढे मात्र पुस्तकातला आकडा डोळे झाकून टाकू नकोस. खऱ्या यानाचा मार्ग परतताना हळूहळू उथळ होत गेला, कारण चांद्रयानाच्या थंड करणाऱ्या यंत्रणेतून बाहेर पडणारी वाफ त्याला किंचित ढकलत होती. म्हणून १०५:१८ ला १४ सेकंदांचा आणि १३७:४० ला आणखी एक छोटा बर्न लागला. तुझ्या यानाला तेवढाच धक्का बसेल असं नाही. वातावरणात शिरण्याचा कोन साडेसहा अंशांच्या आसपास हवा. तो आधीच बसत असेल तर इतिहासातला बर्न केल्याने उलट बिघडेल. स्वतः हिशोब कर, मगच इंजिन लाव.

६१:३० च्या आधीची आणि नंतरची सेव्ह फाइल पाठव, आकडे तपासून देते.

तुझी आई