शेंगा मोजणाऱ्या आबांना

आबा, नमस्कार.

हे पत्र तुमची नातच वाचून दाखवणार, माहीत आहे. तिला म्हणावं, घाई करू नको.

गुडघा दुसऱ्यांदा गेला तेव्हा मी २४ वर्षांचा होतो. टक्कर नाही, धक्का नाही. फुटबॉलच्या मैदानात बॉल घेऊन वळलो, पाय जागेवर राहिला आणि आत ‘टक्’ झालं. पहिल्या वेळी मांडीमागच्या स्नायूची दोरी (टेंडन) काढून गुडघ्यात नवा लिगामेंट बसवला होता, नऊ महिन्यांनी मैदानात परतलो होतो. यावेळी आतली गादीही फाटली. क्लबने हिशेब चुकता केला आणि मी मुंबईहून कुबड्यांवर अमळनेरला उतरलो.

गल्लीत जो तो विचारायचा, परत कधी खेळणार? तुम्ही नाही विचारलंत. दुकान बंद करून शेंगांची पिशवी घेऊन यायचात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मी मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, तुम्ही दहापर्यंत मोजून एक शेंग डब्यात टाकायची. तीस शेंगांशिवाय सुटका नाही. एकदा मी चिडून डबा लाथाडला (चांगल्या पायाने!), तर तुम्ही शेंगा वेचत एवढंच म्हणालात, “डोकं तं जागावर शे ना?”

त्याच आठवड्यात मी तुम्हाला फ्रान्सचा फुटबॉलपटू जस्ट फोंतेनबद्दल सांगितलं. १९५८ च्या एका वर्ल्डकपमध्ये १३ गोल, तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. आणि दोनदा पाय मोडून १९६२ मध्ये, २८ व्या वर्षी, खेळ बंद. वाटलं, तुम्ही हळहळाल. तुम्ही शेंग फोडत विचारलंत, “मग पुढे काय केलं त्याने?”

मला ठाऊकच नव्हतं. रात्री मोबाईलवर शोधलं. कोच झाला होता गडी! १९७४ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनला वरच्या लीगमध्ये नेलं, १९८० च्या आफ्रिका कपात मोरोक्कोला तिसरं आणलं.

मग मीही कोच व्हायचं ठरवलं. त्यासाठीच्या डी लायसन्सच्या कोर्सची फी तुम्ही भरलीत. मी ‘उधार’ म्हणालो, तर खरंच वहीत मांडलीत. बरं झालं, नाहीतर तुमच्या दुकानावरून मान वर करून जाता आलं नसतं. शेवटचा हप्ता दिला तेव्हा नावावर रेघ माझ्यासमोर ओढलीत.

आता माझ्याकडे बावीस पोरंपोरी येतात. गेल्या महिन्यात एकीचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, मी डबा घेऊन तिच्या घरी गेलो. शेंगा तुमच्याच दुकानातल्या, रोखीने. विसाव्या शेंगेला ती रडकुंडीला आली, तेव्हा मी एक फोडून तिच्या हातावर ठेवली. तुम्ही असले लाड कधी केले नाहीत, आबा. मला तीस झाल्यावरच मिळायची.

तुमचा,
गल्लीतला फुटबॉलवाला