विषय: राखाडी ट्यूबमधलं सॅम्पल, स्यूडोकोलिनेस्टेरेज आणि तुमचा 'नॉर्मल' शेरा

प्रति,
मुख्य पॅथॉलॉजिस्ट

"रिपोर्ट व्हेरिफाइड आहे" एवढं सांगून तुमच्या हेल्पलाइनने आज पुन्हा फोन ठेवला. म्हणून लेखी.

पेशंटच्या बहिणीच्या सिझेरियनला स्कोलीन (भुलीत स्नायू सैल करणारं औषध) दिलं. शरीरात ते मोडतं स्यूडोकोलिनेस्टेरेज हे एन्झाइम. पाच-दहा मिनिटांत परतायचा श्वास काही तास परतला नाही. कुटुंब आर्य वैश्य. या समाजात हे एन्झाइम जवळपास नसलेली माणसं इतरांपेक्षा जास्त सापडतात. तिच्या सख्ख्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून त्याची तपासणी.

तुमचा रिपोर्ट: क्रियाशीलता २९० युनिट प्रति लिटर, तुमचीच खालची मर्यादा ५३२०. डायब्युकेन नंबर ८२. शेरा 'नॉर्मल'.

डायब्युकेन या बधिर करणाऱ्या औषधाने एन्झाइम किती टक्के दबतं, तो हा नंबर. नेहमीच्या एन्झाइमला ८०च्या आसपास, एकच जनुक अटिपिकल (वेगळ्या घडणीचं) असेल तर ६०, दोन्ही असतील तर २०. कॅलो आणि जेनेस्ट यांनी १९५७ मध्ये हे मांडलं. पण दाबायला एन्झाइमच उरलेलं नसेल तर टक्के कशाचे काढलेत?

आता तुमच्या तांत्रिक विभागाशी झालेला संवाद. सॅम्पल कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं?
"राखाडी झाकणाची, मॅडम. शुगरची."
त्यात फ्लोराइड असतं, ते हेच एन्झाइम बंद पाडतं.
"रक्त तर तेच ना?"
मग २९० हा आकडा जनुकाचा की ट्यूबचा?
"पेशंटने शेतात फवारणी केली होती का?"
कीटकनाशकानेही हे एन्झाइम दबतं खरं, पण नाही. किराणा दुकान आहे.
"मग ८२ आलंय ना, मॅडम. पास आहे."

पास! दहावीचा निकाल आहे का हा? या 'पास'च्या भरवशावर कुणी स्कोलीन भरलं, तर व्हेंटिलेटर तुमची हेल्पलाइन चालवणार आहे?

साध्या लाल ट्यूबमध्ये, सीरमसाठी, नवं सॅम्पल विनामूल्य घ्या. रिपोर्टवर सब्स्ट्रेट (चाचणीत एन्झाइम ज्यावर काम करतं ते रसायन) आणि तापमान लिहा, कारण त्यांवर मर्यादा बदलतात. क्रियाशीलता इतकी कमी असेल तर डायब्युकेन नंबर छापूच नका. जुना रिपोर्ट लेखी रद्द करा. आणि घरी रक्त घ्यायला येणाऱ्या मुलांना, कृपा करून, राखाडी ट्यूब कशासाठी असते ते शिकवा. मी ते फोनवर शिकवून दमले.

तपासणीचे पैसे मात्र तुम्ही आगाऊ घेता, त्यात कधी चूक होत नाही.

सात दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर हा रिपोर्ट एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) आणि ग्राहक आयोग दोघांकडे जाईल. तोवर भावाच्या केसपेपरवर लाल शाईने 'स्कोलीन देऊ नये' असं मीच लिहून ठेवलंय.

— भूलतज्ज्ञ