माझं वाक्य मला वाचून दाखवणाऱ्या काकांना

पुणे

ती. काकांना सा. न. वि. वि.

तुमचं नाव या पत्रात कुठेही घातलेलं नाही. 'माझं नाव छापायचं काय कारण?' असं तुम्ही म्हणणार हे ठाऊक आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या नावाखालचा मजकूर तपासलेल्या माणसाचा शब्द मी मोडणार नाही. आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही मला जे दिलंत ते लिहिणाऱ्या पुष्कळांना हवं असतं, आणि कुणाकडे मागावं ते कळत नाही.

जरा बरं लिहायला लागलं की लोक सांगू लागतात, 'तुझं वाचताना अमक्याची आठवण येते.' माझं वाचून भावाला पुलं आठवायचे, ऑफिसातल्या मैत्रिणीला गौरी देशपांडे. आणि एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवताना लिहिलं होतं, 'शैलीवर जीएंची दाट छाया आहे.' तीन माणसं, तीन लेखक, आणि ते तिघंही एकमेकांपासून किती लांबचे! यातलं खरं काय ते मला मनापासून जाणून घ्यायचं होतं. आपलं लिहिणं आपल्याला ऐकू येत नाही. डोक्यात अर्थ आधीच असतो, त्यामुळे डोळा वाक्यावरून नुसता घसरत जातो.

तीच परत आलेली कथा घेऊन मी तुमच्याकडे आले होते, शुद्धलेखन तपासून घ्यायला. सदाशिव पेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीलगत टेबल, त्यावर लाल-निळी पेन्सिल आणि कडा झिजलेली लाकडी पट्टी. ती पट्टी ओळीखाली धरून तुम्ही एकेक ओळ खाली सरकत वाचता, पुढची ओळ डोळ्यांना दिसूच देत नाही. ऱ्हस्व-दीर्घ झालं, स्वल्पविराम झाले, मग मी संपादकांचं पत्र दाखवलं. तुम्ही ते दोनदा वाचलंत आणि म्हणालात, 'मोघम बोलून काय समजणार? काजळमाया घेऊन ये. शेजारी शेजारी ठेवून बघू.'

काका, तुमचं हे 'शेजारी शेजारी ठेवून' मी आयुष्यभर विसरणार नाही. तोवर कुणीच पुस्तक उघडून बोललं नव्हतं.

'काजळमाया' हा जीएंचा, म्हणजे जी. ए. कुलकर्णींचा, 1972 सालचा कथासंग्रह. त्यातलं एक पान तुम्ही मला हातानं उतरवून काढायला लावलंत, आणि माझ्या कथेचंही एक पान तसंच, त्याच वहीत, समोरासमोर. मग समासात प्रत्येक वाक्यासमोर त्यातल्या शब्दांचा आकडा. मग 'सारखा', 'प्रमाणे', 'जणू' या सगळ्यांभोवती निळी वर्तुळं. जीएंचं पान वर्तुळांनी भरून गेलं. माझ्या पानावर दोन. तुम्ही त्या दोन्ही उपमांवर बोट ठेवून सांगितलंत, 'या काढल्या तरी तुझं वाक्य उभं राहतं. जीएंची उपमा काढ बरं.' काढून पाहिली, तर वाक्यातलं सांगणंच निघून गेलं. त्यांच्याकडे उपमा ही विचार करण्याचीच रीत आहे. एक गोष्ट दुसरीत दिसल्याशिवाय ती त्यांना पूर्ण दिसतच नाही. माझ्या कथेत जुनं घर होतं, संध्याकाळ होती, एक मरण होतं. 'छाया आहे ती विषयाची,' तुम्ही म्हणालात. 'वाक्य तुझं सरळ चालतं.' विषय सारखा असला की लोकांना शैलीही सारखी वाटते, हे त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख कळलं. तेव्हापासून कुणी अशी तुलना केली की मी आधी विचारते, विषय बाजूला ठेवला तर काय उरतं?

पुलंचं फार लवकर आटोपलं. त्यांचं वाक्य तोंडानं म्हणण्यासाठी बांधलेलं असतं. भारदस्त संस्कृत शब्दांनी सुरुवात होते आणि शेवटच्या दोन-तीन शब्दांत ते धाडकन बोलीत उतरतं, हसू नेमकं तिथे फुटतं. नाटक, आकाशवाणी, एकपात्री प्रयोग हे सगळं त्या वाक्यात आहे. माझ्याकडे विनोद येतो तो पात्रांच्या तोंडी, निवेदक आपला गंभीर. भावाला आठवण झाली ती पात्रांच्या गमतीमुळे.

पण व्यंकटेश माडगूळकरांपाशी आपण किती रमलो! 'बनगरवाडी' (1955) ही तुमची फार आवडती, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही, कारण आवाजच बदलला तुमचा. समासातले आकडे बघ म्हणालात: 4, 6, 5, 9, 4. विशेषणांखाली रेघा मारायला सांगितल्यात आणि पेन्सिल बराच वेळ हातातच राहिली. क्रियापदं मात्र एकेक वजनदार. मेंढरं, झाडं, माणसं यांची नेमकी नावं येतात आणि नाव नेमकं असलं की विशेषणाची गरजच पडत नाही. तुम्ही सांगितलंत, हा लेखक चित्रंही काढायचा, म्हणून आधी कुठे काय उभं आहे ते तो दाखवतो, त्याबद्दल काय वाटतं ते नंतर, किंवा कधीच नाही. मी हट्टानं माझ्या एका परिच्छेदातली सगळी विशेषणं खोडून आणली. तुम्ही वाचलंत आणि हळूच म्हणालात, 'आता हे त्यांचंही नाही आणि तुझंही नाही. माणदेशातला उजाडपणा त्या वाक्यात आहे, तू कोथरूडची.' मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट फार मोकळं वाटलं. आवडता लेखक आपल्यासारखा असायलाच हवा असं कुठे आहे?

'कोसला'बद्दल तुम्ही बजावून ठेवलंत ते इथे लिहायलाच हवं. 1963 साली ती आली, आणि 'उदाहरणार्थ', 'वगैरे' हे शब्द तिच्यानंतर अनेकांच्या लिखाणात दिसू लागले. नेमाड्यांच्या त्या नायकाच्या, पांडुरंगाच्या, तोंडी त्या शब्दांना कारण आहे, जगाचा कंटाळा आणि जगाची ओढ दोन्ही त्यात भरलेली आहे. उचलणाऱ्यांनी शब्द उचलले आणि कारण तिथेच राहिलं. लेखकाचं जे सहज दिसतं तेच सहज उचललं जातं, हे तुम्ही गॅल्यांवर गॅल्या, म्हणजे छापण्याआधी तपासायच्या कच्च्या प्रती, वाचून पाहिलेलं होतं.

मध्येच एकदा मी तुमच्याकडे भाच्याचा फोन घेऊन आले होते. 2010 मध्ये 'आय राइट लाइक' नावाचा एक इंग्रजी प्रोग्रॅम निघाला होता, आपला मजकूर टाकला की तो सांगायचा तुम्ही कोणत्या प्रसिद्ध लेखकासारखं लिहिता. पन्नासेक लेखकांचे शब्द त्याला पढवलेले, आणि नको असलेली ईमेल ओळखून बाजूला काढण्याचं जे गणित असतं, त्याच धर्तीचं गणित. मार्गारेट अ‍ॅटवुड या मोठ्या कादंबरीकार. त्यांनी स्वतःचा मजकूर टाकला, तर उत्तर आलं स्टीफन किंग. तुम्ही एवढंच विचारलंत, 'यादीतलं एक नाव त्याला द्यावंच लागतं ना? मग यादीबाहेरचा माणूस त्याला दिसणार कसा?'

त्यानंतर मी तुम्हाला 'फेडरलिस्ट'ची हकीकत सांगितली तेव्हा मात्र तुम्ही पट्टी खाली ठेवलीत. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं 1787-88 मध्ये 85 निबंध एकाच टोपणनावानं छापले गेले. त्यातले 12 हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, या दोन लेखकांपैकी कुणाचे, हा वाद पुढे चालूच राहिला. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये तो सोडवला. विचार, विषय, मोठे शब्द यांच्याकडे बघून काही हाती लागत नव्हतं, कारण दोघंही एकाच थाटात लिहीत. म्हणून त्यांनी बारीकसारीक शब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत साधारण तीनदा वापरायचा, मॅडिसन अगदी क्वचित. अशा कितीतरी छोट्या शब्दांचा हिशेब मांडला आणि ते 12 निबंध मॅडिसनच्या पारड्यात पडले.

तुम्ही म्हणालात, 'हे आम्ही छापखान्यात रोज करायचो.' आणि मग शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या दिवसांतलं ते सगळं सांगितलंत. कंपोझिटरकडून ओली गॅली यायची, पुष्कळदा लेखकाच्या नावाशिवाय. एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचणार, दुसरा गॅलीवर खुणा करणार. दहा-बारा ओळी झाल्या की तुम्हाला लेखक समजायचा. कुणी वाक्य 'पण'नं सुरू करायचा, कुणाला दर दोन ओळींनी 'तर' लागायचा, कुणी 'आणि' टाळून स्वल्पविरामावर भागवायचा, कुणाचा 'च' जिथे तिथे चिकटलेला. लेखकाचं लक्ष मोठ्या शब्दांकडे असतं. हे बारके शब्द त्याच्या हातून आपोआप पडतात.

मराठीत ही मोजणी इंग्रजीपेक्षा अवघड का, तेही तुम्ही त्याच ओघात दाखवलंत. इंग्रजीत ते छोटे शब्द सुटे उभे असतात. आपल्याकडे 'घरापासूनसुद्धा', 'त्याच्याचसाठी', 'तिनंही' असं सगळं एकाला एक जोडून येतं. नुसते सुटे शब्द मोजणाऱ्या यंत्राला त्यातला 'च' आणि 'ही' दिसणारच नाही, शब्द फोडून घ्यावा लागेल. तुम्ही लाल पेन्सिलीनं ते फोडत गेलात, माझ्याच पानावर, एकेक.

आणि मग ते निघालं.

माझ्या पानावरच्या कितीतरी वाक्यांत क्रियापद शेवटी नव्हतंच. 'आली होती ती काल, पोराला घेऊन.' 'दिलं सोडून त्यानं, घर.' क्रियापद येऊन जायचं आणि त्याच्यामागून एखाद-दुसरा शब्द यायचा. जीएंच्या पानावर असं नाही, माडगूळकरांच्या निवेदनात आम्हाला सापडलं नाही, इरावतीबाईंचं 'युगान्त' काढलं, तर तिथे प्रश्न विचारत विचारत पुढे जाणारी वाक्यं मिळाली, ही ढब नाही. तुम्ही ती तीन-चार वाक्यं मोठ्यानं वाचलीत, क्रियापदाशी किंचित थांबून. तुमच्या आवाजात ती ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही विचारलंत, 'घरात असं कोण बोलतं?'

आत्या. बार्शीची माझी आत्या. तिला कधी लिहिताना कुणी पाहिलं नाही, पण गोष्ट सांगायला बसली की अख्खी आळी जमायची. सांगून झालं असं वाटायचं आणि मग ती मागून एक शब्द सोडायची, आणि सगळी गोष्ट तिथे वळायची. मी लहानपणी तिच्या मांडीवर जे ऐकलं ते हातात उतरलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. इतक्या मोठमोठ्या लेखकांची पानं शेजारी ठेवून पाहिली, म्हणून ते दिसलं. नुसतं माझंच पान बघत बसले असते तर कधीच दिसलं नसतं.

तुम्ही तेव्हाच सांगितलंत की आता हे कळलंय म्हणून मुद्दाम करायला जाऊ नकोस, आणि कुणी व्याकरणाचं नाव घेऊन सरळ करायला सांगितलं तर घाबरून करूही नकोस. जिथे मागून येणारा शब्द काही वळवत असेल तिथे ठेव, नुसताच लोंबत असेल तिथे काढ. ही कसोटी मी आता रोज वापरते. वाचनही बदललं माझं. नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालयात पुस्तक बदलायला जाते तेव्हा उभ्या उभ्या एखादं पान उघडून आधी वाक्यांची लांबी बघते, क्रियापदं बघते, मग नाव. दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्र'मधली लांबलचक, फुलांच्या आणि पानांच्या नावांनी लवलेली वाक्यं मी शाळेत असताना सोडून द्यायचे. आता ती मला मोजावीशी वाटतात, आणि मोजता मोजता वाचून होतात.

इतकं करून तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त शुद्धलेखनाचे, तेही फर्म्याच्या, म्हणजे छापील पानांच्या गठ्ठ्याच्या, जुन्या दरानं. बाकीच्याचं काय, विचारलं तर 'ते वाचन झालं, त्याचे कसले पैसे' म्हणालात. काका, शेजारी बसून आपलं पान इतक्या काळजीनं वाचणारं माणूस मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. काकूंनी दर वेळी न विचारता पुढे केलेल्या चहाचेही आभार, आणि तुमच्या त्या वहीचे, जी तुम्ही मला ठेवून घ्यायला सांगितलीत.

कथा पुन्हा लिहून दुसऱ्या एका दिवाळी अंकाकडे दिली होती, ती स्वीकारल्याचं परवा कळलं. आत्याची वाक्यं त्यात आहेत, मागून येणारे शब्द तसेच ठेवून. डीटीपी झालं की पीडीएफ पाठवतो म्हणाले. ते आलं की प्रिंट काढून सरळ तुमच्याकडे घेऊन येते, तपासायला. लाल पेन्सिल मी आणते या वेळी.

काकूंना नमस्कार सांगावा.

तुमची कृतज्ञ,
कोथरूडची