थोरल्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर

लांचानो, इटली
रविवार

ती. आजीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आधी तेवढं सांगून टाकतो, बाकीचं मागून. थोरल्या आजोबांना अग्नी दिला होता. मातीत घातलं नव्हतं.

थोरली आजी जाईपर्यंत एकच विचारायची म्हणून तू सांगायचीस ना? आजोबा लढाईत पडल्याची तार आली, पुढं पेन्शनची मनिऑर्डर येत राहिली, पण परमुलखात त्यांचं काय केलं ते कुणी कळवलं नाही.

इथं खाली समुद्राकाठी तोरिनो दि सांग्रो म्हणून गाव आहे. तिथं उतारावर दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरनं काल गाडीतून सोडलं. एका मापाचे पांढरे दगड, ओळीनं, २,६१७ कबरी. समोर एड्रियाटिक. इतका निळा समुद्र मी कारवारलाही पाहिला नव्हता.

पण आपल्याला बघायचं होतं ते आत, वेगळं. ज्या हिंदी सैनिकांना दहन केलं त्यांचं स्मारक. पाचशेहून जास्त नावं आहेत. इटलीत अशी तीन स्मारकं आहेत. ज्यांचा पत्ताच लागला नाही त्यांची नावं कॅसिनो गावच्या स्मारकावर. रायगडचे यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला बावीस वर्षांचे असताना पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचंही नाव तिथंच. म्हणजे नाव कुठल्या ठिकाणी सापडतं त्यावरच सगळं आलं. मी मनात म्हणत होतो, इथंच असू दे.

पलटणीच्या नावाखाली बघत गेलो. इंग्रजीत ‘मराठा’ लिहिताना मध्ये एक जादा एच, पुढं एक जादा टी. तेव्हा तसंच लिहायचे. पहिल्यांदा नजर नुसतीच घसरून गेली. दुसऱ्या खेपेला दिसलं. आडनावाचं स्पेलिंग चुकलंय, पण तेच आहेत, नंबर तुझ्या डब्यातल्या कागदाशी जुळला. अक्षरावर बोट फिरवलं तर खाचेत बारीक शेवाळ होतं. नखानं काढलं.

नोव्हेंबर १९४३ मध्ये इथं धुवाधार पाऊस लागला, सांग्रो नदीला पूर आला, पलटणींनी घातलेले पूल वाहून गेले. खानापूरच्या माणसाला पावसाचं काय नवल! पण त्या पावसात लाकडं कुठून आणली असतील, हाच विचार डोक्यात घोळत राहिला. आपल्याकडं आषाढात कुणी गेलं तर किती हाल होतात, तूच बघितलंयस.

आईनं दिलेला कुंदा उरला होता थोडा, तो ठेवला. बाटलीतलं पाणी फिरवलं. दोन मिनिटांत मुंग्या आल्या. फिटर लांब टोपी काढून उभा होता. गाडीत बसल्यावर एवढंच बोलला, की त्याच्या बापाचा भाऊ रशियात गेला, त्याचं अजून काही कळलं नाही. मग लांचानोपर्यंत आम्ही दोघंही गप्प.

हे पत्र चंदगडला आत्याकडंही पाठव. थोरल्या आजीचं माहेर तिकडचं, त्या लोकांचाही हक्क आहे. (तिचं लग्न झालं तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. सीमेचं हे सगळं नंतरचं.)

फोटो दादाच्या फोनवर टाकलाय. वरून सातवी ओळ. भिंग घेऊन बघ, नुसत्या डोळ्यांनी दिसायचं नाही.

मशीनचं शिक्षण संपत आलं. वीस तारखेला गोव्याला उतरतो. चोर्ल्याचा रस्ता बंद असला तर दादाला म्हणावं अनमोडवरून ये. पितृपंधरवड्याच्या आत पोचतो. त्यांचं पान या वर्षी मी वाढतो.

तुझा,
बाळू